पुण्याच्या कुंभाराचा विलायती शिष्य

मराठी माणसाने आपली सगळी अब्रू नाकाच्या शेंड्यावर नेऊन ठेवली आहे. घरात कोणी आगळीक केली की घराण्याचे नाक कापले जाते, ऐपतीबाहेर हौस केली की नाकापेक्षा मोती जड होतो, आणि अडचणीत सापडल्यावर भल्याभल्यांना नाक मुठीत धरून दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. हे झाले बोलण्यातले नाक. ते गेले तरी माणूस चार दिवसांनी पुन्हा बाजारात हिंडू लागतो. पण ज्याचे हाडामांसाचे नाक कोणी सुरीने छाटून टाकले, त्याने जगाला तोंड कसे दाखवावे? पूर्वीच्या काळी हा प्रश्न मुळीच काल्पनिक नव्हता. नाक छाटणे ही शिक्षा होती आणि वैऱ्याची विटंबना करण्याची रीतही होती.

अशा एका छाटलेल्या नाकातून एका विलायती शस्त्रवैद्याची कीर्ती उभी राहिली. जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू हे त्याचे नाव. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने लंडनमध्ये एका लष्करी अंमलदाराच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक बसवले. इंग्लंडमध्ये या पद्धतीने असे नाक त्यापूर्वी कोणी केले नव्हते. मात्र ही विद्या त्याची स्वतःची नव्हती आणि ती आपली आहे असे त्याने कधी म्हटलेही नाही. ती होती पुण्याजवळच्या एका कुंभाराची.

गोरा डॉक्टर म्हटले की आपल्या निपाणी-बेळगावकडच्या जुन्या मंडळींना मिरजेचे वानलेससाहेब आठवतात. ते मूळचे कॅनडाचे. १८९४ मध्ये त्यांचे मिरजेचे इस्पितळ उभे राहिले आणि पुढे खेड्यापाड्यांतून बैलगाड्या भरभरून रोगी तिकडे लोटले. वानलेससाहेब आपल्याकडे विद्या घेऊन आले. कार्प्यूची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या विद्येचा एक मोठा भाग आपल्याकडून तिकडे गेला. म्हणून त्याचे चरित्र आपणही माहीत करून घ्यायला हवे.

कार्प्यूचा जन्म ४ मे १७६४ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मूळचे स्पेनकडचे आणि पंथाने कॅथॉलिक. त्या वेळच्या इंग्लंडात कॅथॉलिकांना मोठ्या शाळांची व अधिकाराच्या जागांची दारे फारशी उघडी नव्हती. त्यामुळे मुलाला शिकण्यासाठी समुद्रापलीकडे, फ्रान्समधील दुए गावी, जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात पाठवण्यात आले. त्याने धर्मगुरू व्हावे असा घरच्यांचा मानस होता. मुलाच्या मनात मात्र निराळेच काही घोळत होते. अठराव्या वर्षी तो युरोपभर फिरायला निघाला आणि बरीच वर्षे फिरला. पॅरिस शहर त्याने राज्यक्रांतीच्या आधीही पाहिले आणि नंतरही पाहिले.

परत आल्यावर पुढे काय करावे याचा निर्णय होईना. एका नातलगाचे पुस्तकांचे दुकान होते, ते चालवावे असे वाटले. मग वकिलीचा विचार झाला. मग नाटकाचे वेड शिरले. शेक्सपिअरवर त्याची विलक्षण भक्ती होती आणि रंगभूमीवर जावे असे त्याने मनावर घेतले होते. आपल्या भागात नाटकापायी घरदार सोडून कंपनीत गेलेल्या मुलांच्या कथा घरोघरी ऐकायला मिळतात, तेव्हा या वेडाचे आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. शेवटी धर्मपीठ, दुकान, कोर्ट आणि रंगमंच हे सारे मागे टाकून तो लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात शस्त्रवैद्यक शिकू लागला. पण त्याच्यातला नट पुरता गेला नव्हता. तो पुढे त्याच्या शिकवण्यात उतरला.

शिक्षण संपल्यावर चेल्सी भागातील ड्यूक ऑफ यॉर्कच्या लष्करी इस्पितळात त्याला शस्त्रवैद्याची जागा मिळाली. तिथे त्याने बारा वर्षे काढली. तो काळ नेपोलियनच्या लढायांचा. शिपाई आणि अंमलदार तुटक्या हातापायांनी परत येत होते आणि लष्कराला परमुलखात पाठवण्यासाठी शस्त्रवैद्य हवे होते. परदेशच्या चाकरीवर जाणे पसंत नसल्यामुळे कार्प्यूने ती जागा सोडली. याच सुमारास देवीची लस नव्याने निघाली होती. जेनरने आपले संशोधन १७९८ मध्ये प्रसिद्ध केले आणि चारच वर्षांत, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिली लस. तिकडे इंग्लंडात डॉ. पिअर्सन यांच्याबरोबर लष्कराच्या ठाण्याठाण्यांत ही लस नेऊन पोहोचवण्याच्या कामात कार्प्यू होता. लसीच्या राष्ट्रीय संस्थेशी त्याचा संबंध अखेरपर्यंत राहिला.

परंतु त्याचे खरे जीवितकार्य शिकवण्याचे. १८०० पासून त्याने शरीररचनेचे वर्ग चालवायला सुरुवात केली. सोहो भागातील डीन स्ट्रीटवर त्याची शाळा होती. फी वीस गिनी. दिवसा शरीररचनेचे व्याख्यान आणि संध्याकाळी शस्त्रक्रियेचे, असा क्रम असे. वर्ग नेहमी भरलेला असायचा. नुसते बोलून तो थांबत नसे. हातात खडू घेऊन फळ्यावर स्नायू, शिरा आणि हाडे भराभर काढून दाखवत असे. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारी, एकेकाकडे जातीने लक्ष देई आणि शिकवलेले त्यांच्याकडून वदवून घेई. ज्याने कधी तालीम दिली-घेतली आहे त्याला यातले मर्म चटकन कळेल. गुरूने गाऊन दाखवले म्हणजे शिष्याला आले असे होत नाही. शिष्याच्या गळ्यातून ते निघेपर्यंत गुरूचे काम संपत नाही. कार्प्यूची शाळा याच जातीची होती.

या वर्गांना एक मोठी अडचण होती. शरीररचना शिकवायची तर शरीर हवे, आणि कायद्याप्रमाणे फाशी गेलेल्या खुन्यांचीच प्रेते मिळत. अशाच एका प्रेतामुळे १८०१ मध्ये एक विचित्र प्रयोग घडला. चित्रकार बेंजामिन वेस्ट व रिचर्ड कॉसवे आणि शिल्पकार टॉमस बँक्स यांना शंका होती की, क्रुसावरील ख्रिस्ताची जी चित्रे युरोपात शतकानुशतके काढली जातात त्यांत शरीराचा ताण खरा दाखवलेला नाही. खुनाबद्दल फाशी गेलेल्या जेम्स लेग नावाच्या माणसाचे प्रेत मिळाल्यावर कार्प्यूच्या मदतीने ते क्रुसावर ठोकण्यात आले. पुढे त्याची कातडी उतरवून स्नायू उघडे करण्यात आले आणि बँक्सने त्याचा साचा घेतला. तो प्लास्टरचा देह लंडनच्या रॉयल अकॅडमीत आजही आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण या माणसाचा स्वभाव त्यातून कळतो. परंपरेने एखादी गोष्ट अशी आहे म्हणून सांगितले तरी ती हाताने तपासून पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होत नसे. त्याच वर्षी त्याने स्नायूंवर पुस्तक लिहिले आणि १८०३ मध्ये विजेचा रोगांवर उपयोग कसा होतो यावर दुसरे लिहिले. नव्या गोष्टीची ओढ आणि जुन्या गोष्टीची पारख अशा दोन्ही वृत्ती त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

आता थोडे मागे, आपल्या मुलखाकडे वळायला हवे. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एक झाले होते. परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज कृष्णा ओलांडून दक्षिणेस उतरली. कॅप्टन लिटलची मुंबईकडील इंग्रजी पलटण तिच्याबरोबर होती. धारवाडच्या किल्ल्याला वेढा पडला आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये तो हाती आला. लढाईच्या हकिगतींत सरदारांची आणि तोफांची नावे येतात. त्या तोफा आणि धान्य वाहणाऱ्या बैलांची आणि बैलांची वेसण धरणाऱ्या माणसांची नावे येत नाहीत. खरे पाहता त्या मोहिमेचा निकाल बैलांवरच होता. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोहोचूनही माघारी फिरला, कारण त्याचे बैल उपासमारीने मेले होते आणि अवजड तोफा ओढायला जनावर उरले नव्हते. तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या.

इंग्रजांच्या चाकरीत असलेला असाच एक बैलवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजी कागदात त्याचे नाव कावसजी असे आहे. नावावरून तो पारशी वाटेल, पण तो मराठी शेतकरी होता असे त्याच कागदात स्पष्ट म्हटले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. तसाच तो श्रीरंगपट्टणजवळ इंग्रजांच्या मुंबईकडील फौजेत परतला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिले. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस विटा-मडकी करणाऱ्या जातीचा, म्हणजे कुंभार होता.

ही क्रिया कशी होई, ते मुंबई इलाख्याच्या चाकरीतील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या खुंटावर बसवीत आणि त्याला चांगल्या नाकाचा आकार देत. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत आणि त्याच्या कडेने रेघ ओढीत. मेणाचे काम तिथे संपले. रेघेच्या आतली कातडी कपाळावरून सोडवून घ्यायची, मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. नंतर नाकाच्या खुंटावरची जुनी वण धरलेली कातडी छिलून ताजी करायची आणि कडेने वरच्या ओठापर्यंत एक खाच घ्यायची. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. सांधा पक्का राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवस एवढाच लेप. नंतर तो काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती डोळ्यांमधली पट्टी कापून टाकायची.

पानाच्या तबकातला कात, देवघरातले तूप, मेणाचा एक पत्रा आणि एक धारदार सुरी. एवढ्या साहित्यात हे काम होत असे. यातली खरी अक्कल त्या अरुंद पट्टीत आहे. आपल्याकडे आंब्याचे भेट कलम बांधतात ते आठवावे. फांदी मूळ झाडापासून लगेच तोडीत नाहीत. ती रोपाला बांधून ठेवतात, तोवर तिला मूळ झाडाचा रस मिळत राहतो आणि सांधा एकजीव झाला की मग मागची बाजू कापतात. कुंभाराची पट्टी म्हणजे हाच देठ. कातडी नव्या जागी रुजेपर्यंत तिला कपाळाकडून रक्त मिळत राही. रक्ताभिसरणाचे शास्त्र त्याने पुस्तकात वाचले नव्हते, पण देठ आधी तुटला तर नाक काळे पडून गळते हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

त्या वेळी पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आश्रयाला जेम्स वेल्स हा चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची प्रसिद्ध चित्रे काढणारा तो हाच. त्याने नव्या नाकासह कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हे चित्र आणि शस्त्रक्रियेची सारी हकिगत एका पत्राच्या रूपाने छापून आली. ते पत्र कार्प्यूच्या वाचनात आले. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता.

यापुढची वीस वर्षे मला त्याच्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटतात. दुसरा कोणी असता तर त्याने दूरदेशची गंमत म्हणून पान उलटले असते, किंवा उतावीळपणे एखाद्या दुर्दैवी माणसाच्या कपाळावर सुरी चालवून नाव कमावू पाहिले असते. कार्प्यूने यातले काहीच केले नाही. त्याने चौकशी आरंभली. हिंदुस्थानातून परत आलेल्या लोकांना गाठून विचारपूस केली. मॅलेट तोवर विलायतेस परतला होता, त्याला त्याने पत्र लिहिले. ही क्रिया हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आली आहे आणि ती कुंभार लोक करतात, असे मॅलेटने त्याला कळवले. मग त्याने युरोपातला जुना इतिहास धुंडाळला. इटलीत बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीपासून नाक करण्याची रीत ग्रंथात मांडली होती. तीत रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे आणि काळाच्या ओघात ती मागे पडली होती. आपल्याकडे सुश्रुताने गालाच्या कातडीची रीत सांगितली आहे. कुंभाराची कपाळाची रीत या दोन्हींहून सोपी व खात्रीची होती. कार्प्यूने प्रेतांवर तिचा सराव केला आणि योग्य रोगी येण्याची वाट पाहिली.

तो रोगी १८१४ मध्ये आला. एका लष्करी अंमलदाराचे नाक यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने झडून गेले होते. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. रोग्याने शुद्धीवर राहून, आपल्याच कपाळाची कातडी सोलली जात असताना स्वस्थ पडून राहायचे होते. कार्प्यू पन्नाशीला आला होता. त्याने मेणाचा नमुना केला, कपाळावर रेघ ओढली, देठ राखला, कातडीला पीळ दिला आणि ती खाली आणून बसवली. कुंभार जिथे काताच्या पट्ट्या लावी तिथे त्याने टाके घातले, एवढाच मुख्य फरक. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जवळ असलेल्या त्या अंमलदाराच्या मित्राला, खरोखरच नाक दिसते आहे, याचा आश्चर्याने विश्वास बसेना. कातडी जिवंत होती. ती रुजली.

दुसरा रोगी होता लॅथम नावाचा अंमलदार. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील आल्बुएराच्या लढाईत शत्रूच्या घोडेस्वारांनी त्याच्या पलटणीला घेरले, तेव्हा निशाण सोडायला तो तयार झाला नाही. तलवारीच्या एका वाराने त्याचे नाक आणि गालाचा भाग उडाला, दुसऱ्याने हात गेला. तरीही त्याने निशाणाचे कापड काठीपासून फाडून अंगरख्यात लपवले आणि तो त्यावर पडून राहिला. निशाण वाचले आणि तोही वाचला. त्या वेळी राज्य चालवणाऱ्या युवराजाने त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला आणि कार्प्यूने त्याचा चेहरा त्याला पुन्हा मिळवून दिला. टिपूच्या मुलखात नाक गमावलेला मराठी बैलवाला आणि स्पेनमध्ये नाक गमावलेला इंग्रज अंमलदार यांची कधी गाठ पडली नाही. परंतु दोघांचे नाक एकाच रीतीने घडले.

१८१६ मध्ये कार्प्यूने या दोन शस्त्रक्रियांची सविस्तर हकिगत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच्या नावाच्या पानावरच हिंदुस्थानी आणि इटालियन पद्धतींचे वर्णन आत दिले असल्याचे छापले आहे. रीत कुठून मिळाली, कोणाकडून खात्री करून घेतली, हे सारे त्याने सांगून टाकले. पुढच्याच वर्षी पुस्तकाचे जर्मन भाषांतर झाले. बर्लिनच्या ग्रेफे या शस्त्रवैद्याने १८१८ मध्ये याच विषयावर ‘र्‍हायनोप्लास्टिक’ या नावाने ग्रंथ लिहिला आणि तेच नाव पुढे या शस्त्रक्रियेला चिकटले. पाहता पाहता युरोपभर ही विद्या पसरली. कपाळाच्या कातडीचे हे नाक आजही जगभर शस्त्रवैद्य करतात आणि त्यांच्या पुस्तकांतून त्याला हिंदुस्थानी पद्धत हेच नाव आहे.

या गोष्टीवरून आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एकाचे म्हणणे, सारे आमच्या ग्रंथांत होतेच, साहेबाने ते चोरले. दुसऱ्याचे म्हणणे, आमच्याकडे काय होते, शास्त्र तर साहेबाने दिले. कार्प्यूचे पुस्तक या दोन्ही मतांना उत्तर देते. चोर कधी धन्याचा पत्ता छापीत नाही. आणि ज्याने शास्त्र दिले म्हणतात, तोच ते पुण्याकडून आल्याचे सांगतो.

तरीही मनाला एक बोच लागतेच. त्या मासिकातल्या पत्रात रोग्याचे नाव आहे, दोन इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत, चित्रकाराचे नाव आहे. फक्त ज्याने नाक केले त्याचे नाव नाही. त्याची नुसती जात आहे. त्याच पुण्यात, त्याच मॅलेटच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा मराठी कारागीर चित्रे काढीत होता. तो साहेबाच्या बैठकीतला, म्हणून त्याचे नाव राहिले. कुंभार चाकावर बसणारा, त्याला नाव विचारावे असे साहेबांना सुचले नाही. आणि दोष एकट्या साहेबांना कसा द्यावा? पेशवाईच्या दफ्तरांत तुपाच्या आणि चाऱ्याच्या हिशेबाची पाने कमी नाहीत. त्या पुण्यात माणसाला गेलेला चेहरा परत देणारा हात होता, आणि त्याचे कौतुक लिहून ठेवण्यासाठी लंडनचे मासिक लागले. विद्या ज्या हातात असते तो हात कोणत्या जातीचा हे आधी पाहायचे आणि मग तिला विद्या म्हणायचे की कसब हे ठरवायचे, ही खोड आपली आहे.

मिरजेत तंतुवाद्ये घडवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारींना पाणी देत. शस्त्रांचे दिवस सरल्यावर त्याच हातांनी भोपळ्याला तार लावली आणि तंबोरे जुळवले. स्वराचे शास्त्र पंडितांनी लिहिले, पण जवारी काढतो तो कारागीर. मैफलीत तंबोऱ्याची वाहवा होते तेव्हा तो कोणी लावला हे लोक पाहतात, कोणी घडवला हे क्वचितच विचारतात. पुण्याच्या कुंभाराचे याहून वेगळे झाले नाही.

त्याचा परिणामही आपण भोगला. लेखी नोंद नाही, मान नाही, शिष्यांची फळी नाही, त्यामुळे ही विद्या महाराष्ट्रात हळूहळू दिसेनाशी झाली. पुढे ती आपल्याकडे परत आली ती नव्या वैद्यकाच्या मार्गाने. काठेवाडातील जुनागड संस्थानचे वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी नाकाच्या अशा शंभर शस्त्रक्रियांची हकिगत १८८९ मध्ये प्रसिद्ध केली. इंदूरला होळकरांच्या राजधानीत कीगन या शस्त्रवैद्याने या पद्धतीत सुधारणा करून १९०० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बेळगावात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून आपल्याही भागातली मुले शस्त्रवैद्यक शिकत आहेत. त्यांना नाकाची हिंदुस्थानी पद्धत इंग्रजी पुस्तकातूनच शिकावी लागते.

कार्प्यूला रॉयल सोसायटीने आपला सभासद करून घेतले. १८१९ मध्ये त्याने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले. मात्र त्याच्या व्यवसायातली सर्वोच्च खुर्ची, म्हणजे शस्त्रवैद्यांच्या कॉलेजचे अध्यक्षपद, त्याच्याकडे कधी आली नाही. त्याचे राज्य डीन स्ट्रीटवरच्या वर्गात. तिथे तो १८३२ पर्यंत शिकवीत राहिला. त्याच वर्षी इंग्लंडात नवा कायदा होऊन शरीररचनेच्या अभ्यासासाठी प्रेते मिळण्याची रीतसर सोय झाली. ज्या अडचणीशी झगडत त्याने तीस-बत्तीस वर्षे वर्ग चालवले ती दूर झाली, तेव्हा त्याने खडू खाली ठेवला होता.

उतारवयात एका आगगाडीच्या अपघातात त्याला जबर धक्का बसला. ३० जानेवारी १८४६ रोजी लंडनमध्ये त्याचे देहावसान झाले. तेव्हा त्याला ब्याऐंशीवे वर्ष चालू होते. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला अमेरिकेत बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. आणखी वर्षभर तो जगता, तर वेदनेशिवाय शस्त्रक्रिया होऊ शकते ही बातमी त्याच्या कानांवर पडली असती.

मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो. तिथे लहानपणापासून एक रीत पाहत आलो. गुरूचे नाव तोंडी आले की गवई कानाच्या पाळीला हात लावतो. जे गातो ते माझे नाही, मला कोणीतरी दिले आहे, ही त्याची कबुली असते. आपल्याच हाताने मिळवलेल्या यशाच्या वेळी अशी कबुली देणे फार थोड्यांना जमते. कार्प्यूला ते जमले. ज्याला त्याने कधी पाहिले नाही, ज्याची भाषा त्याला येत नव्हती, त्या गुरूसाठी त्याने पुस्तकाच्या पहिल्या पानावर कानाला हात लावला.

घ्यायला फक्त नाव नव्हते. ते आपण सांभाळून ठेवायला हवे होते.